जुन्या मोटरहोमचे टायर बदलताय? आधी वजन करा, मग सस्पेन्शन बघा, टायरच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा

जुनं मोटरहोम घेतलं की पहिल्या महिन्यात हमखास कोणीतरी सांगतं की टायर बदलून टाक, आणि आपण जुन्या टायरवरचा साइझ लिहून घेतो, दुकानात जातो, तोच साइझ मागतो आणि काम झालं असं समजतो. गडबड इथेच होते. जुना साइझ बरोबर होता हे कोणी ठरवलं? आधीच्या मालकाने काय बसवलं होतं ते आपल्याला माहीत नसतं, आणि गाडी कंपनीतून निघाली तेव्हापेक्षा आज शेदोनशे किलोने जड झालेली असू शकते, कारण मधल्या काळात कोणी बाजूला उघडायची कापडी छत्री (ऑनिंग) बसवली, कोणी सोलर लावलं, कोणी मागे सायकल रॅक लावला, जास्तीची बॅटरी टाकली. म्हणून मी सगळ्यांना एकच क्रम सांगते: वय, वजन, सस्पेन्शन, टायर, अलाइनमेंट (म्हणजे चाकांचे कोन बरोबर लावणं). हा क्रम उलटा केला की पैसे दोनदा जातात, कारण सुटलेल्या बुशवर (सस्पेन्शनच्या सांध्यांमधल्या रबरी नळ्या) नवीन टायर चढवले तर काही हजार किलोमीटरमध्ये एका कडेने खाऊन टाकतात आणि मग लोक टायरच्या कंपनीला शिव्या देतात.

सुरू करण्याआधी काय काय हाताशी ठेवायचं ते सांगते.

कागदपत्रं:
- गाडीचं मॅन्युअल, आणि फक्त मोटरहोम बनवणाऱ्याचं नाही तर खालच्या चासीचंही, म्हणजे ज्या मूळ गाडीवर घर बांधलंय तिचंही (ड्युकाटो, ट्रान्झिट, स्प्रिंटर, फोर्ड ई-४५०, जे काही असेल ते)
- वजनाच्या प्लेटचा फोटो. ही दाराच्या चौकटीत, बॉनेटखाली किंवा सीटच्या खाली असते. काही गाड्यांना दोन प्लेट असतात, एक चासीवाल्याची आणि एक घर बांधणाऱ्याची. दोन्हीचे फोटो काढा
- नोंदणीचे कागद, कारण बऱ्याच देशांत टायरचा साइझ आणि लोड तिथे लिहिलेला असतो आणि त्यापेक्षा कमी काही बसवलं तर इन्शुरन्सला कारण मिळतं
- वजनकाट्याची पावती

हत्यारं: चांगला टॉर्च, छोटा आरसा, १०० पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं एकक) पुढे दाखवणारा हवेचा गेज (कारचा साधा गेज चालत नाही), टॉर्क पाना, मोजपट्टी, पहार किंवा टॉमी, ग्रीस गन, तारेचा ब्रश, साबणाचं पाणी, चाकाला लावायच्या लाकडी उटी आणि गाडीच्या वजनाला पुरतील असे स्टँड.

१. टायरचं वय वाचा, नक्षी नंतर बघा

कारचे टायर घासून संपतात. मोटरहोमचे टायर बहुतेक वेळा उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नवीकोरी दिसते, ८ मिलिमीटर खोल असते, आणि आतून रबर कडक होऊन गेलेलं असतं. टायरच्या रबरात एक मेण मिसळलेलं असतं जे चालताना टायर वाकतो तेव्हा हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि ऊन नि ओझोनपासून त्याला जपतं. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर हे मेण वर येतच नाही, म्हणून कमी चाललेली गाडी या बाबतीत जास्त चाललेल्या गाडीपेक्षा वाईट निघू शकते.

वय शोधायचं तर साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, डीओटी ही अक्षरं बघा, त्याच ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. शेवटी तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे, त्याच्यावर गाडी हलवू पण नका. आता यात एक मेख आहे. ही पूर्ण ओळ बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत ठेवलेली असते, म्हणजे तुम्हाला गाडीखाली आडवं होऊन टॉर्च आणि आरशाने वाचावं लागतं. कंटाळा करू नका, सगळे टायर वाचा, स्टेपनीसकट. स्टेपनी तर बऱ्याच जुन्या गाड्यांना गाडीच्याच वयाची निघते.

किती वर्षं चालवायचे? बऱ्याच टायर कंपन्या म्हणतात की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि १० वर्षं झाली की कितीही चांगले दिसले तरी काढून टाका. माझं स्वतःचं मत यापेक्षा कडक आहे, मी ७ वर्षांच्या पुढे जात नाही, कारण पुढचा टायर भरधाव वेगात फुटला तर एवढ्या उंच आणि जड गाडीला सावरणं फार अवघड असतं, आणि मागचा फुटला तर त्याचे पट्टे आपटून मडगार्ड, सांडपाण्याचे पाइप, गॅसची लाइन, काहीही फाटू शकतं.

वय ठीक असेल तर मग डोळ्याने बघा. साइडवॉलवर केसासारखे बारीक तडे, नक्षीच्या खाचांच्या तळाशी तडे, रिमच्या कडेला लागून गोल फिरणारा तडा, कुठे फुगा आलाय का. रिमच्या जवळचा तडा सगळ्यात वाईट, आणि तो हवा पूर्ण भरलेली असताना नीट दिसत नाही. मागे डबल टायर असतील तर आतल्या टायरची आतली बाजू हमखास बघायची, तिथे ब्रेकची उष्णता असते आणि कोणाची नजर जात नाही. दोन टायरच्या मधल्या फटीत दगड अडकलेला असेल तर तोही काढा.

२. गाडी भरून वजन करा

ही पायरी लोक टाळतात आणि बाकी सगळं याच्यावरच अवलंबून आहे. गाडी प्रवासाला निघते तशी भरायची, पाण्याची टाकी (१०० लिटर म्हणजे १०० किलो, लक्षात ठेवा), गॅस, डिझेल, भांडी, कपडे, सायकली, आणि माणसंसुद्धा जागेवर बसवायची. मग वजनकाट्यावर जायचं.

फक्त एकूण वजन घेऊन येऊ नका. पुढचा एक्सल वेगळा आणि मागचा वेगळा. जमलं तर प्रत्येक बाजूही वेगळी, कारण मोटरहोम कधीच दोन्ही बाजूंना सारखं नसतं. फ्रिज, किचन आणि पाण्याची टाकी एका बाजूला आली की तो कोपरा जड.

उदाहरण घेऊ. समजा मागच्या एक्सलचं वजन आलं १९८० किलो आणि मागे सिंगल चाकं आहेत. भागिले दोन केलं तर ९९०, म्हणजे १०३० किलो पेलणारा टायर चालेल असं वाटतं. पण बाजू वेगळ्या मोजल्या तर डावीकडे १०८० आणि उजवीकडे ९०० निघाले. म्हणजे डावा टायर पहिल्या दिवसापासून ओव्हरलोड. टायर नेहमी जड बाजूवरून निवडायचा आणि हवाही जड बाजूवरून ठरवून त्या एक्सलच्या दोन्ही बाजूंना सारखी भरायची.

आता मागच्या रॅकबद्दल, कारण याचा हिशोब भल्याभल्यांना कळत नाही. मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन सीसॉसारखं काम करतं. पुढच्या नि मागच्या चाकांमधलं अंतर ४ मीटर असेल आणि मागच्या एक्सलच्या २ मीटर मागे तुम्ही १०० किलोची स्कूटर टांगली तर मागच्या एक्सलवर १०० नाही, १५० किलो वाढतात, आणि पुढच्या एक्सलवरचे ५० किलो उचलले जातात. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी असेल तर ओल्या गवतावर चाक फिरत राहतं ते यामुळे, आणि स्टेअरिंग हलकं लागतं तेही यामुळेच.

वजन प्लेटवरच्या आकड्याच्या वर गेलं असेल तर सामान काढा किंवा पुढे सरकवा. जास्त ताकदीचे टायर किंवा एअर बॅग (स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या) बसवून एक्सलची क्षमता वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, एक्सलची नळी, चासी हे सगळं तेवढंच राहतं.

३. सस्पेन्शन तपासा, टायरची ऑर्डर द्यायच्या आधी

आधी जुने टायर बघा, कारण ते काढून टाकल्यावर पुरावा गेला. दोन्ही कडा घासल्यात आणि मधे नक्षी शिल्लक आहे, म्हणजे हवा कमी किंवा लोड जास्त. मधेच गोटा झालाय तर हवा जास्त. एकच कड खाल्ली तर अलाइनमेंट किंवा ढिला जॉइंट. नक्षीवरून आडवा हात फिरवला आणि एका दिशेला गुळगुळीत, उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टो, म्हणजे चाकं समोरून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, चुकलाय. आणि जागोजागी खड्डे पडल्यासारखं खालीवर घासलं असेल तर बहुतेक शॉकअप मेलेत, नाहीतर बॅलन्सिंग गेलंय. फोटो काढून ठेवा, कुठला टायर कुठल्या चाकाचा ते लिहून.

मग गाडी सपाट जागेवर उभी करा आणि प्रत्येक चाकाच्या मधोमधपासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत उंची मोजा. डावी उजवी यात बोटभर फरक दिसला तर त्या बाजूचा पाटा किंवा स्प्रिंग बसलीये, किंवा सामान एका बाजूला आहे, किंवा दोन्ही. हे आकडे लिहून ठेवलेत तर दरवर्षी तुलना करता येते, आणि नंतर याच आकड्यांचा आणखी एक उपयोग आहे तो पुढे सांगते.

आता गाडीखाली. आधी सुरक्षेचं: गाडी सपाट, टणक जमिनीवर, चाकांना उटी लावलेल्या, वजन स्टँडवर. नुसत्या जॅकवर टेकलेल्या गाडीखाली जायचं नाही, आणि मोटरहोमला कॅम्पवर लेव्हल करायला जे पाय असतात ते हायड्रॉलिक असोत वा हाताने फिरवायचे, त्यांच्यावर उचललेल्या गाडीखाली तर अजिबात नाही. ते पाय गाडी सरळ ठेवायला असतात, माणसाच्या जिवावर गाडी तोलायला नसतात.

पाटे असतील तर तारेच्या ब्रशने घाण काढा आणि एकेक पान टॉर्चने बघा. तडा बहुतेक दोनच ठिकाणी सापडतो, मधल्या सेंटर बोल्टच्या आसपास आणि यू-बोल्टची (पाटा एक्सलला बांधणारा यू आकाराचा बोल्ट) प्लेट जिथे संपते त्या कडेला. गंजलेल्या पाट्यावर तडा शोधणं कठीण जातं, पण एक खूण आहे. दोन भाग एकमेकांवर घासत असतील तर तिथे गंजाची ताजी, केशरी पूड बाहेर येते, आणि तिच्या कडेला धातूची चकचकीत रेघ दिसते. बाकी सगळा पाटा काळपट तपकिरी आणि तेवढीच एक रेघ चमकतीये असं दिसलं की समजायचं इथे काहीतरी हलतंय जे हलायला नको. यू-बोल्टच्या खाली अशी रेघ म्हणजे यू-बोल्ट ढिला, शॅकलच्या (पाट्याचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) पिनपाशी असेल तर बुश गेला.

पानांच्या मधे गंज फुगून पानं एकमेकांपासून फाकलेली दिसली तर पाटा उतरवून साफ करावा लागेल किंवा बदलावा लागेल. पाट्यांना ग्रीस लावायचं का असं बरेच जण विचारतात. मधे प्लास्टिक किंवा रबराच्या पट्ट्या असतील तर नाही लावायचं, त्या तशाच कोरड्या चालायच्या असतात. साधे लोखंडी पाटे असतील तर मॅन्युअल काय म्हणतंय ते करा.

शॉकअप. कारला दाबून सोडून बघतात तसं इथे करता येत नाही, एवढी जड गाडी हाताने दबत नाही. दोन गोष्टी करा. एक, शॉकअपच्या अंगावर तेल ओघळलंय का बघा, नुसती धूळ चिकटलेली किंचित ओल चालते पण ओघळ नाही चालत. दोन, खडबडीत रस्त्यावर वीसेक मिनिटं चालवून लगेच थांबा आणि प्रत्येक शॉकअपला जपून हात लावा, एक्झॉस्टपासून लांब राहून. काम करणारा शॉकअप गरम होतो, कारण हादऱ्याची ताकद तो उष्णतेत बदलतो. तीन गरम आणि एक थंडगार असेल तर तो थंड वाला नुसता लटकलाय. बदलताना मात्र जोडीने बदला, त्या एक्सलचे दोन्ही.

बुश आणि जॉइंटसाठी पहार लावून हलकं उचलून बघा. थोडं रबर दबणं ठीक, पण टकटक आवाज आला किंवा धातूला धातू लागलं तर बुश संपलाय. अँटी-रोल बारचे (वळताना गाडी कलू न देणारा दांडा) बुश, त्याच्या लिंक, पुढचे बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं, ट्रकच्या चासीवर असाल तर किंग पिन (ज्याभोवती पुढचं चाक वळतं तो खिळा), आणि असेल तर स्टेअरिंग डॅम्पर, हे सगळं एका फेरीत बघून घ्या. मागे पॅनहार्ड रॉड (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) असेल तर त्याचा बुश विशेष, कारण शेजारून ट्रक गेला की गाडीचं ढुंगण हलतं आणि मग पुढे हलतं ही तक्रार जी सगळे टायरवर ढकलतात, तिच्यामागे बऱ्याचदा हा एकच रबराचा तुकडा असतो.

एअर बॅग लावलेल्या असतील तर हवा भरून सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी टाका, बुडबुडे आले की गळती. बॅगेच्या घडीमध्ये तडे बघा. आणि बॅग पूर्ण रिकामी ठेवून गाडी चालवू नका, बनवणाऱ्याने जेवढा कमीत कमी दाब सांगितलाय तेवढा तरी हवाच, नाहीतर ती चिमटून फाटते. जुन्या शेव्हरोले पी-३० चासीवाल्यांनी लक्षात ठेवा की तुमच्या पुढच्या कॉइल स्प्रिंगच्या आतही एअर बॅग असतात, बाहेरून दिसत नाहीत, आणि त्या बसल्या की पुढची बाजू खाली येते नि अलाइनमेंट बिघडते.

आल्को कंपनीच्या चासीचा जुना टॉर्शन बार एक्सल (पाट्यांऐवजी पिळणाऱ्या दांड्यांवर चालणारा) असेल तर त्याला ग्रीस निप्पल असतात. वर्षातून एकदा किंवा २०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा ग्रीस मारायचं. हे कोणाला माहीतच नसतं, सर्व्हिसिंग करणारा फक्त इंजिन बघतो, आणि एक्सल आतून गंजून जातो. नवीन एक्सलना निप्पल नसतात, तिथे काही करायचं नाही.

४. दुरुस्ती करताना या दोन गोष्टी सांगूनच गाडी द्या

पहिली, यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत. ते आवळताना ताणले जातात, एकदा काढले की नवीनच घालायचे, आणि काही दिवस चालवल्यावर परत टॉर्क बघायचा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि चांगल्या गॅरेजमध्येही चुकते. रबराचे बुश बसवताना बोल्ट घालून ठेवायचे पण शेवटचं आवळणं गाडी चाकांवर उतरवून, तिचं वजन तिच्या नेहमीच्या उंचीवर आल्यावरच करायचं. गाडी लिफ्टवर लटकलेली असताना बोल्ट आवळला तर बुशचं रबर त्या लटकलेल्या अवस्थेत पकडलं जातं, आणि मग गाडी खाली आली की ते कायमचं पिळलेलं राहतं, चाकं वरखाली झाली की आणखी पिळतं, आणि नवीन बुश वर्षभरात फाटतो. वर जी उंची मोजून ठेवायला सांगितली ती इथे उपयोगी पडते, मेकॅनिकला आकडा द्या आणि याच उंचीला आवळ म्हणून सांगा.

किंग पिन आणि बॉल जॉइंटला ग्रीस मारताना वजन उचलून मारलं तर ग्रीस दबलेल्या बाजूलाही पोचतं. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवीन दिसेपर्यंत मारा.

५. आता टायर निवडा

साइडवॉलवरचा साइझ वाचायला शिका. २२५/७५आर१६सी १२१/१२० यात २२५ मिलिमीटर रुंदी, उंची रुंदीच्या ७५ टक्के, १६ इंचाचा रिम, सी म्हणजे व्यावसायिक गाडीचा टायर. १२१ हा सिंगल चाकाचा लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा सांकेतिक आकडा) आणि १२० डबलचा, डबलमध्ये प्रत्येक टायर थोडं कमी पेलतो. काही कामाचे आकडे देते:

१०९ = १०३० किलो
११२ = ११२०
११५ = १२१५
११६ = १२५०
११८ = १३२०
१२० = १४००
१२१ = १४५०

वरच्या उदाहरणातल्या १०८० किलोच्या कोपऱ्याला ११२ कागदावर चालतो, पण फक्त ४० किलो शिल्लक राहतात. मी १५ टक्के तरी मोकळे ठेवते, म्हणजे साधारण १२४०, म्हणून ११६ घेईन.

नुसता साइझ सारखा बघून फसू नका. तोच २२५/७५आर१६ एलटी (हलक्या ट्रकच्या) प्रकारात, ई लोड रेंजमध्ये ११५/११२ असतो, आणि सी प्रकारात १२१/१२० असतो. मागे एका टायरमागे दोनशे किलोच्या वर फरक! दुकानदार साइझ जुळवून देतो, लोड इंडेक्स तुम्हीच मागायचा असतो.

प्रकारांबद्दल थोडक्यात:

सीपी हे मोटरहोमसाठीच बनवलेले टायर, जास्त हवेवर आणि कायम भरलेल्या गाडीखाली चालायला. छोट्या आणि मध्यम युरोपियन गाड्यांना माझी पहिली पसंती हेच. सी टायर पण चालतात, लोड पुरत असेल तर, आणि दुकानात सहज मिळतात. एलटी हे अमेरिकन पद्धतीचे हलक्या ट्रकचे. एसटी लिहिलेले टायर ट्रेलरचे असतात, ते मोटरहोमला कधीच लावायचे नाहीत, स्वस्त दिसले आणि लोड पुरतोय असं दिसलं तरी नाही, ते चालवणाऱ्या किंवा वळणाऱ्या चाकांसाठी बनवलेलेच नसतात. साध्या कारचे टायर तर विषयच नाही.

स्पीड रेटिंगमध्ये फार अडकू नका, एन म्हणजे १४०, क्यू म्हणजे १६०, आर म्हणजे १७० किलोमीटर. कागदपत्रांत लिहिलंय त्यापेक्षा कमी नको एवढंच.

रुंद टायर घालायचा मोह होतो. आधी बघा पूर्ण स्टेअरिंग फिरवल्यावर कुठे घासेल का, आणि डबल टायर असतील तर दोन साइडवॉलमध्ये फट किती राहते. वजन आलं की टायर खाली फुगतो, फट कमी असेल तर दोन टायर एकमेकांना घासतात, तापतात आणि फुटतात. प्रत्येक टायरच्या माहितीपत्रकात डबलसाठी कमीत कमी अंतर दिलेलं असतं ते तपासा. डबलच्या जोडीत दोन्ही टायर एकाच मेकचे, एकाच साइझचे, सारखे घासलेले हवेत. एक नवा एक जुना लावला की मोठा टायर सगळं वजन घेतो आणि छोटा रस्त्यावर घसटत जातो.

६. रिम आणि वॉल्व्ह, इथे जीव जाऊ शकतो

काही जुन्या अमेरिकन गाड्यांना साडेसोळा इंचाचे रिम असतात. त्या मापाचे टायर आता फार कमी मिळतात, मग कोणीतरी म्हणतं १६ इंचाचा चढतो की. चढतो, हीच तर भीती आहे. दोन्ही रिमचा टायर बसायचा उतार वेगळा असतो, १६ इंचाचा टायर त्यावर नीट बसत नाही, आणि हवा भरताना त्याची कड तुटून टायर स्फोटासारखा उडतो. माणसं मेलीयेत यात. साडेसोळाचे रिम असतील तर तुमच्या चासीला चालणारे १६ इंचाचे रिम शोधा, टायर आणि रिम दोन्ही बदला. तुकड्यांचे जुने रिम असतील तर पिंजरा असलेल्या ट्रक टायरवाल्याकडेच जा.

रिमवरही जास्तीत जास्त लोड किंवा दाब कोरलेला असतो. टायर ८० पीएसआयचा आणि रिम ६५ चा असेल तर ६५ हीच तुमची मर्यादा.

वॉल्व्ह दरवेळी नवीन घ्या आणि धातूचा घ्या. कारला बसतो तो साधा रबरी वॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचाच असतो, आणि मोटरहोमची मागची हवा बऱ्याचदा त्याच्या पुढे असते. त्यात वर लांब एक्स्टेन्शन किंवा टायरची हवा दाखवणारा स्क्रूचा सेन्सर लावला तर त्या वजनाने रबरी वॉल्व्ह फिरताना वाकत राहतो आणि मुळाशी चिरतो. आतल्या टायरला हवा भरता येईल असा वॉल्व्ह घ्या, नाहीतर आतल्या टायरची हवा कोणी कधी बघतच नाही.

७. दुकानात

ऑर्डर देतानाच सांगा की तारीख एका वर्षाच्या आतली पाहिजे, आणि टायर रिमवर चढवायच्या आधी स्वतः तारीख वाचा. चढवल्यावर वाद घालून उपयोग नाही. बिलावर लोड इंडेक्स आणि तारीख लिहून घ्या.

रिम आणि हबची बसायची जागा तारेच्या ब्रशने साफ करायला सांगा, गंजाचा किंवा रंगाचा थर राहिला की तो नंतर दबतो आणि नट ढिले होतात. नट शेवटी टॉर्क पान्याने, समोरासमोर क्रमाने. एअर गनने ठोकून सोडून देणाऱ्याकडून गाडी घेऊ नका. ५० ते १०० किलोमीटर झाल्यावर परत टॉर्क बघा, गाडी थंड असताना. बॅलन्सिंग नुसत्या चार नाही, असतील तेवढ्या सगळ्या चाकांचं करा.

८. हवा किती

अमेरिकन पद्धतीच्या टायरवर लिहिलेला दाब म्हणजे टायर पूर्ण लोड पेलतो तेव्हाचा दाब. तुमच्या गाडीला तेवढा लागेलच असं नाही. टायर कंपनीचा लोड आणि हवेचा तक्ता मिळवा, त्यात तुमच्या जड कोपऱ्याचं वजन शोधा, समोरचा आकडा घ्या, थोडी जास्त हवा ठेवा आणि रिमची मर्यादा पाळा. सीपी टायर मागे सिंगल असतील तर मात्र युरोपियन कंपन्या साडेपाच बार, म्हणजे ८० पीएसआय सांगतात, तिथे तक्त्याने खाली उतरू नका.

गरज नसताना भरपूर हवा भरली तर गाडी आपटते, कपाटांचे स्क्रू सुटतात, ब्रेकला पकड कमी मिळते, आणि लोक म्हणतात सस्पेन्शन गेलं. कमी भरली तर टायर तापून मरतो, हे जास्त वाईट.

हवा नेहमी थंड टायरवर, सकाळी चालवायच्या आधी मोजा. ८० पीएसआयच्या टायरमध्ये तापमान १० अंशांनी बदललं तर साधारण ३ पीएसआय फरक पडतो, त्यामुळे ऋतू बदलला की परत बघा. चालवून गरम झालेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून सोडायची नाही. आणि एखादा टायर ठरलेल्या हवेपेक्षा २० टक्के किंवा जास्त खाली असताना चाललाय असं कळलं तर नुसती हवा भरून पुढे जाऊ नका, उतरवून आतून तपासा, आतले तार थकलेले असू शकतात.

९. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, आणि भरलेल्या गाडीची

सस्पेन्शन दुरुस्त, टायर नवीन, हवा बरोबर, आणि गाडी नेहमीच्या सामानासकट. रिकाम्या गाडीची अलाइनमेंट करून आणली तर सामान भरल्यावर गाडी खाली बसते आणि कोन बदलतात. आधीचे आणि नंतरचे आकडे छापील मागून घ्या.

१०. गाडी उभी करून ठेवताना

टायरवर ऊन पडू देऊ नका, पांढरी कव्हरं घाला. खाली फळी टाका, पण पूर्ण टायर फळीवर यायला हवा, डबल असतील तर दोन्ही, अर्धा टायर हवेत लटकायला नको. टायर चमकवायचे पेट्रोलियम किंवा अल्कोहोल असलेले लिक्विड लावू नका, त्याने रबराचं रक्षण करणारं मेणच निघून जातं, साबण आणि पाणी पुरे. महिन्यातून एकदा जमलं तर गाडी नीट तापेपर्यंत चालवा, नुसती मागेपुढे करून काही होत नाही.

पहिल्या मोठ्या प्रवासाला निघालात की तासाभराने थांबा आणि प्रत्येक टायरला नि हबला हात जवळ नेऊन बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर त्याची हवा कमी आहे, ब्रेक धरतोय किंवा बेअरिंग खराब होत चाललंय. पुढे जाण्याआधी ते शोधा. घरी आल्यावर वहीत टायरची तारीख, चारही कोपऱ्यांचं वजन, ठरवलेली हवा, नटचा टॉर्क, चाकांवरची उंची आणि ग्रीस मारल्याची तारीख लिहा, आणि तिचा एक फोटो ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या ऊन अडवणाऱ्या झडपेमागे चिकटवून ठेवा, म्हणजे वाटेत पंक्चर काढणाऱ्याला आकडे तिथल्या तिथे दाखवता येतात.